परदेशातली पदवी कोणाच्या खात्यावर?



आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला की नाक्यावर बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं: 'जिद्दीच्या जोरावर', 'स्वकर्तृत्वाने', 'झोपडीतून थेट लंडनला'. आनंद व्हायलाच हवा. ज्या समाजाला अक्षराला शिवू दिलं नाही, त्याची पोरं परदेशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसतात, ही साधी गोष्ट नाही. पण त्यातला 'स्वकर्तृत्व' हा शब्द आम्हाला खटकतो. आम्ही म्हणजे महाराष्ट्रातून शिष्यवृत्तीवर इंग्लंडात शिकायला आलेली पाच-सहा मुलंमुली.

हा शब्द आपला नाहीच. तो मेरिटवाल्यांचा आहे. ज्यांच्या घरात चार पिढ्यांची पुस्तकं, ओळखी आणि जमीनजुमला आहे, त्यांना हे सगळं झाकून 'मी एकट्याने मिळवलं' असं म्हणायचं असतं. म्हणून त्यांना तो शब्द सोयीचा आहे. आपण तो उचलला तर ज्यांच्या खांद्यावर उभं राहून आपण इथवर आलो, त्यांनाच हिशेबातून वगळतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की परदेशातली पदवी एकट्याच्या खात्यावर कधीच जमा होत नसते. आणि हे सगळ्यांत आधी कोणाला कळलं होतं, तर ते बाबासाहेबांना.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, तेव्हा रामजीबाबांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. यशवंत वर्षाचाही नव्हता. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. त्यातूनच ते घरी पैसे पाठवत. इकडे मुंबईत रमाई संसार ओढत होत्या. पुढे पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १९२०मध्ये सिडनहॅम कॉलेजातली साडेचारशे रुपयांची नोकरी सोडून बाबासाहेब अपुरा अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला निघाले. सोबत स्वतःची साठवलेली पुंजी होती, राजर्षी शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज होतं.

आता त्यांच्या तीन पुस्तकांच्या अर्पणपत्रिका उघडून बघा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३चा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला, त्यांनी शिक्षणासाठी सोसलं म्हणून. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा १९२५चा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणाला मदत केली म्हणून. आणि पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ रमाईंना, उपेक्षेच्या आणि टंचाईच्या दिवसांत त्यांनी सोबत दुःख सोसलं म्हणून. जगातल्या मोठ्या विद्वानांमध्ये ज्याची गणना होते, तो माणूस ग्रंथाच्या पहिल्याच पानावर कोणाचं किती देणं आहे हे लिहून ठेवतो. 'स्वकर्तृत्व' हा शब्द तिथे सापडत नाही.

आता आपल्या घरांचा हिशेब मांडू. आमच्यातल्या एकाची आई नगरपालिकेत सफाई कामगार आहे. एकीच्या वडिलांनी व्हिसासाठी खात्यावर रक्कम दाखवायची म्हणून तीन नातेवाइकांकडून पैसे उसने घेतले. शिष्यवृत्तीच्या कागदांवर जामीन राहायला माणूस शोधताना अनेक घरांचे उंबरे झिजवावे लागतात, कारण आपल्या नातलगांत ऐपतीचा दाखला असलेली माणसं मोजकीच. हे सगळं आपण एकमेकांना सांगतो. पण एक गोष्ट सांगत नाही, ती आमच्या बहिणींची.

आमच्यापैकी दोघांच्या धाकट्या बहिणींचं शिक्षण भावाच्या परदेशवारीच्या वर्षात थांबलं. कोणी त्यांना 'शिकू नकोस' म्हटलं नाही. घरात आजारी आजी होती, पैशाची ओढाताण होती, 'एक वर्ष थांब, दादा येऊ दे' एवढंच म्हटलं गेलं. एका वर्षाची दोन झाली, मग स्थळं यायला लागली. अशा वेळी घरातलं कोणीतरी रमाईंचं नाव घेतं. रमाईंनी गोवऱ्या थापल्या, उपाशी राहिल्या, पण साहेबांना कळू दिलं नाही, हे आपण गाण्यांतून ऐकत मोठे झालो. गाणी गावीत, डोळ्यांत पाणी यावं. पण त्या गाण्यांचा उपयोग आपल्याच घरातल्या मुलीला गप्प बसवायला होणार असेल, तर हा रमाईंचा सन्मान कसला? बाबासाहेबांनी रमाईंच्या सोसण्याला ऋण मानलं, दुसऱ्या बाईने तसंच सोसावं असा नियम त्यातून काढला नाही. उलट हिंदू कोड बिल अडवलं गेलं, तेव्हा १९५१मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की ज्या घरातून भाऊ परदेशी जातो, त्या घरातल्या बहिणीची फी हा त्या भावाच्या शिक्षणाचाच खर्च धरला पाहिजे. तो आधी बाजूला काढायचा, उरलं तर नंतर नव्हे.

दुसरं खातं मैत्रीचं. नवल भथेना पारशी होते. कोलंबियाच्या लिव्हिंग्स्टन हॉल वसतिगृहात त्यांची आणि बाबासाहेबांची ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. बडोद्यात १९१७ साली काय घडलं तेही आपल्याला माहीत आहे. पारशांच्या विश्रामगृहातून बाबासाहेबांना बाहेर काढायला लाठ्या घेऊन आलेला जमावही पारशीच होता. एकाच समाजातला एक माणूस मित्रासाठी हजारो रुपये काढून देतो आणि त्याच समाजातले दहाबारा जण मारायला उठतात. यातून आम्ही एवढंच शिकलो की मैत्री जन्माने मिळत नाही, ती माणसाला ठरवून करावी लागते.

परदेशात याचा रोज प्रत्यय येतो. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात खोली शोधताना आपल्याच देशातली मुलं विचारतात, 'आडनाव काय? गाव कुठलं? घरात नॉनव्हेज चालत नाही हं.' पासपोर्ट एकाच रंगाचा, पण स्वयंपाकघराचा दरवाजा वेगवेगळा. जात समुद्र ओलांडून जाते, म्हणून तर अमेरिकेतल्या सिॲटल शहराला २०२३च्या फेब्रुवारीत जातीय भेदभावावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. दुसरीकडे, आमच्या शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला तेव्हा दोन महिन्यांचं भाडं एका नायजेरियन मैत्रिणीने भरलं. तिने जात विचारली नाही, कारण तिला तो प्रश्नच ठाऊक नव्हता. जात म्हणजे काय हे आम्ही सांगितलं, तेव्हा तिने तिच्या आजोळच्या गोष्टी सांगितल्या. बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी नातं जोडलं होतं, ते अशाच ओळखीतून. त्यांनी बंधुतेला जवळचा शब्द म्हणून बुद्धाची 'मैत्री' निवडली, ती सणावाराच्या शुभेच्छांपुरती निवडली नव्हती. अडचणीच्या महिन्यात ती कामाला येते की नाही, हीच तिची परीक्षा.

आता मायदेशाचं खातं. परदेशातल्या मराठी माणसाचा मायदेश बहुधा गणपतीचा मांडव, पुरणपोळी आणि पावसाळ्यातला सह्याद्री यांत मावतो. त्यांची आठवण खरी असेल, आम्ही हसत नाही. पण आमच्या आठवणीतल्या गावात मारुतीच्या देवळापासून लांब, ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथे टँकर शेवटी येतो. आम्हाला आठवण येते ती तिथल्या माणसांची, १४ एप्रिलच्या निळ्या गुलालाची, ६ डिसेंबरला दादर स्टेशनच्या पुलावरच्या पायांच्या आवाजाची, तिथल्या फुटपाथवरच्या पुस्तकांची. मणिभवनात १४ ऑगस्ट १९३१ रोजी बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं होतं की मला मायभूमीच नाही. ज्या भूमीत कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागणूक मिळते तिला माझी कसं म्हणू, हा त्यांचा सवाल होता. त्याच माणसाने त्या भूमीला संविधान दिलं आणि २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, राष्ट्र अजून व्हायचं आहे. आपला मायदेश हा असा आहे. तो मागे सोडून आलेली वस्तू नाही, तो अजून घडवायचा आहे. म्हणून त्याच्यासाठी नुसतं रडून भागत नाही, त्याचा अभ्यास करावा लागतो.

आणि नेमका तोच अभ्यास अडवला गेला आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत अट घातली गेली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण दिलं गेलं की या विषयांची साधनं आणि तज्ज्ञ भारतातच आहेत. वरवर बघता पटेल असं आहे. पण ही कसोटी एका विद्यार्थ्याला लावून बघू. १९१५ साली त्याने एम.ए.साठी प्राचीन भारतातल्या व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने भारतातल्या जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा यांवर निबंध वाचला. आजच्या नियमाने त्या विद्यार्थ्याचा अर्ज बाद झाला असता. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बडोद्याच्या महाराजांनी जे अडवलं नाही, ते लोकशाही सरकार का अडवतं? कारण लांब उभं राहून पाहिलं की घर कसं बांधलंय ते दिसतं. भिंती कोणी उभारल्या, दरवाजा कोणाला बंद आहे, हे आत राहणाऱ्या मालकाला सांगायचं नसतं. आपल्या मुलांनी परदेशात संगणक शिकावा, व्यवस्थापन शिकावं, चांगलंच आहे. पण जात शिकायची नाही, इतिहास तपासायचा नाही, ही अट म्हणजे पदवी घ्या आणि प्रश्न इथेच ठेवून जा असं सांगणं आहे. वारशाने श्रीमंत असलेल्या घरातली मुलं स्वतःच्या पैशाने जाऊन भारताच्या इतिहासावर पीएच.डी. करतच राहतील. मग आपल्याबद्दल कोण लिहिणार, तर पुन्हा तेच.

आता 'परत येणार की नाही?' या प्रश्नाबद्दल. जो परत येत नाही तो समाजद्रोही, अशी सरधोपट मोजणी आपल्याकडे चालते. १८ मार्च १९५६ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, तिचा दाखला देतात. पण ती खंत ज्यांच्याबद्दल होती, ते बहुतेक इथेच, कचेऱ्यांत नोकरीला होते. विमानाचं परतीचं तिकीट ही निष्ठेची खूण नाही. कोणी तिकडे राहील, कोणी इकडे येईल. प्रश्न असा विचारा की तुमच्या ज्ञानाने वस्तीतल्या कोणाचं काय हललं?

म्हणून परदेशी शिकणाऱ्या आणि शिकून आलेल्या प्रत्येकाकडे चार गोष्टी मागायला हव्यात. पहिली, मागून येणाऱ्या दोघांचे अर्ज भरून होईपर्यंत त्यांच्यासोबत बसा, त्यातली एक मुलगी असू द्या. दुसरी, पहिला पगार झाला की एक सामाईक निधी उभा करा. हप्ता रखडलेल्या विद्यार्थ्याचं दोन महिन्यांचं भाडं त्यातून निघावं, त्याला परक्यापुढे हात पसरावा लागू नये. तिसरी, इंग्रजीत जे लिहिता ते मराठीतही लिहा, कारण तुमची आई, बहीण आणि वस्तीतलं वाचनालय मराठीतच वाचणार आहे. चौथी, ती २०२२ची अट रद्द व्हावी आणि हप्ते वेळेवर यावेत, यासाठी जाहीरपणे बोला. शिष्यवृत्ती हा उपकार नाही, त्यामुळे ती घेतली म्हणून तोंड बंद ठेवायचं कारण नाही.

आणि इथे असलेल्या कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढच्या सत्काराला शाल एकट्या मुलाच्या खांद्यावर टाकू नका. त्याच्या आईला स्टेजवर बोलवा आणि माईकवरून सगळ्यांसमोर त्याला विचारा, 'बाळा, तुझी बहीण सध्या काय शिकतेय?'

जय भीम! जय संविधान!