नखांचे काम शिकलात, पुढचे शिक्षण पारखून घ्या

नेल टेक्निशियनचे प्रमाणपत्र घेऊन आपल्या समाजातील अनेक मुली आज पार्लरमध्ये किंवा घरच्या घरी चार पैसे कमावत आहेत. ही समाधानाची बाब आहे. मात्र पहिले प्रमाणपत्र हाती पडताच नेल आर्टचे दोन-दोन दिवसांचे वर्ग एकामागून एक करण्याची चढाओढ आम्हाला घाट्याची वाटते.

आमच्या मते नक्षीकाम नंतर, आधी मालाची माहिती. जेलमधील अ‍ॅक्रिलेट रसायने कच्ची असताना त्वचेला वारंवार लागली, तर अ‍ॅलर्जी जडू शकते आणि ती बहुधा जन्मभर राहते. मग धंदा तर बसतोच. शिवाय दातांत भरावयाचे मिश्रण व सांधे बदलताना वापरले जाणारे सिमेंट यांतही याच कुळातील रसायने असल्याने पुढे उपचारांत अडचण येऊ शकते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच हा इशारा दिला होता. युरोपीय संघाने तर १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधील टीपीओ या घटकावर बंदी घातली. डबीवरील मजकूर न वाचणारी कारागीर अशा बदलांत मागे पडणार.

म्हणून फी भरण्यापूर्वी काही प्रश्न जरूर विचारावेत. एका शिक्षिकेमागे मुली किती? सराव प्लास्टिकच्या बोटांवर की खऱ्या हातांवर? जुने जेल नखाला इजा न करता काढणे, मशीनची फाईल चालवणे, अवजारांचे निर्जंतुकीकरण आणि जेलला जुळणारा दिवा निवडणे हे शिकवतात का? फीमध्ये किट धरली आहे का? उत्तरे टाळणाऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभेल, गिऱ्हाईक आणणार नाही.

आपल्या वस्तीतील मागणीही ओळखावी. वजूचे पाणी नखापर्यंत पोहोचावे म्हणून अनेक भगिनी आठवडेच्या आठवडे टिकणारे जेल टाळतात. पण लग्नात त्यांनाही हौस असतेच. मापाने बनवलेली, नमाजपूर्वी सहज काढता येणारी प्रेस-ऑन नखे व सोबत मेहंदी, हा कमी भांडवलाचा जोडधंदा आहे. त्याचे शिक्षण महागड्या अ‍ॅक्रिलिक कोर्सपेक्षा लवकर वसूल होऊ शकते.

हुनर ही अमानत आहे. आईने गळ्यातले मोडून दिलेली फी असो वा बचत गटाचे कर्ज, तो पैसा हात सुरक्षित ठेवणाऱ्या आणि रोजी वाढवणाऱ्या शिक्षणावरच खर्च व्हावा, एवढेच आमचे सांगणे आहे.