‘घरच्यासारखी’चा हिशेब

‘आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या हो!’ बेळगावच्या टिळकवाडीत हे वाक्य ऐकलं की मला मोरीजवळच्या फळीवरचा कान तुटलेला कप आठवतो. घरच्या माणसाला चहा वेगळ्या कपात कोण देतं? आणि घरच्या माणसाचे खाडे कॅलेंडरवर गोल करून कोण ठेवतं? ही आपुलकी खोटीच असते असं नाही. दिवाळीला साडी मिळते, कुंद्याचा डबा मिळतो, पोरीच्या लग्नाला उचलही मिळते. पण पगारवाढीचा विषय निघाला की हीच आपुलकी आडवी येते.

‘दोन तासांचं तर काम, त्याला कायदा कशाला?’ असंही म्हणतात. दोन तास एका घरचे. अशी चार घरं धरली की दिवस सरला, आणि या घरातून त्या घरात पावसातून चालण्याचे पैसे कुणीच देत नाही. राहिला कायदा. कर्नाटकानं घरकामाला किमान वेतन लावलं 2004 साली. तेव्हा बेळगाव-निपाणीत हा प्रश्न मालकिणीच्या दयेचा उरलेला नाही; दर विचारणारी बाई आगाऊ नव्हे. पलीकडे महाराष्ट्रात 2008 च्या कायद्यानं घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं. ते पुढं बरंच रखडलं, ही गोष्ट वेगळी.

‘या बायका एकत्र कुठल्या येतात?’ हे निदान निपाणीकरांनी तरी म्हणू नये. तंबाखूच्या वखारींत खोकत राबणाऱ्या बायकांनीच इथं संघटना उभी केली. त्यांच्यावर 1982 मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट निघाला. तो काढणाऱ्या ‘युगांतर’ गटाचा त्याआधीचा माहितीपट होता ‘मोलकरीण’, पुण्यात 1980 च्या सुमारास संप करून संघटना बांधणाऱ्या घरकामगारांवरचा. वखारीत निदान शेजारी बसलेली बाई दिसते. घरकामात प्रत्येकीची मोरी वेगळी, म्हणून एकत्र येणं अवघड. अवघड म्हणजे अशक्य नव्हे, एवढं पुण्यानं दाखवलंच आहे.

माझं मागणं साधं आहे: कामाप्रमाणे ठरलेला दर, आठवड्याची एक सुट्टी, आजारपणाचा खाडा न कापणं. आम्ही सीमाभागातले मराठी लोक 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालतो, हक्कासाठी घसा कोरडा करतो. त्या दिवशी बाईही फेरीला गेली, तर तो खाडा धरायचा की नाही?