लेकराच्या पायातला बूट म्हणजे चोचला नव्हे!

पावसाळा ओसरल्यावर आम्ही वस्तीतली बारा कुटुंबं घेऊन भाजे लेणीवर गेलो होतो. पायऱ्या चढताना अर्ध्यावर एक तीन वर्षांची मुलगी खाली बसली आणि रडायला लागली. तिच्या पायात मोठ्या भावाचे जुने कॅनव्हासचे बूट होते. सैल होतात म्हणून आईने पुढे चिंध्या कोंबल्या होत्या. बूट काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड, तोही फुटलेला. बाप मार्केटयार्डात हमाली करतो. त्याने पोरीला खांद्यावर घेतलं आणि तसाच वर चढला. वर पोचल्यावर तो शिल्पं पाहत नव्हता, पोरीची टाच पाहत होता.

पुढच्या बैठकीत आम्ही विषय काढला की लहान लेकरांसाठी डोंगरात चालायला योग्य बुटांची काही सोय करू या. लगेच दोन आवाज उठले. पहिला आवाज आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा: "चळवळीसमोर शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, आरक्षणाचा आहे, अत्याचाराचा आहे. आणि तुम्ही पोरांच्या ट्रेकिंगच्या बुटांवर बैठक घेता? हे बामणी चोचले आहेत. आम्ही अनवाणी वाढलो, मेलो नाही." दुसरा आवाज एका नोकरदार मित्राचा: "बूट घ्यायचे तर ब्रँडेडच घ्या. घोट्यापर्यंतचे, वॉटरप्रूफ. दोन-अडीच हजार जातील, पण आपली पोरं कुणापेक्षा कमी दिसायला नकोत."

दोघांबद्दलही आम्हाला आदर आहे. दोघंही चुकत आहेत, आणि का चुकत आहेत ते स्पष्ट बोलायला हवं.

आधी "आम्ही अनवाणी वाढलो" या वाक्याबद्दल. दादा, तुम्ही अनवाणी वाढलात ही तुमची निवड होती का? आपल्या आज्या-आजोबांना चपला परवडत नव्हत्या हे अर्धंच सत्य आहे. ज्यांच्याकडे होत्या, त्यांनाही पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना त्या काढून हातात घ्याव्या लागत. आपल्या समाजाच्या अनवाणी पायांत गरिबी होती तसा हुकूमही होता. आणि तो हुकूम पेशवाईबरोबर संपला असं कुणी समजू नये. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिच्यात दलित-आदिवासींना सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणं हा गुन्हा म्हणून नोंदवावा लागला. जे घडतच नाही त्याच्यावर संसद कायदा करत बसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तामिळनाडूच्या तिरुप्पूर जिल्ह्यातल्या राजावूर गावात साठेक दलित बांधव पायात चपला घालून सवर्णांच्या गल्लीतून चालत गेले, आणि तिथे असं पहिल्यांदाच घडलं म्हणून त्याची बातमी झाली. २०२३ मध्ये! चपला घालून चालणं ही बातमी व्हावी असा हा देश आहे. इथे लेकराच्या पायातल्या बुटाला चोचला म्हणायचं?

दुसरी गोष्ट. "लेकरांना डोंगरावर न्यायचंच कशाला" हाही एक प्रश्न आला. आम्ही त्यांना डोंगरावर नेत नाही, लेणीवर नेतो. सह्याद्रीच्या कड्यांत कोरलेलं आपल्या धम्माचं सगळं वैभव चढणीवर आहे. कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर, नाशिकची त्रिरश्मी, महाडजवळची गांधारपाले, मुंबईतली कान्हेरी, कुठेही जा, पायऱ्या किंवा पायवाट चुकत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकटच्या गांधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं, दान कोरलेलं आहे. सुताराचंही नाव आहे. राजांच्या बरोबरीने कष्टकऱ्यांची नावं दगडावर आहेत. तिकडे आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराने दिलेला शिलापट्ट आहे, त्याच्या दानात त्याचं कुटुंबही सामील आहे. ज्याला पुढे गावकुसाबाहेर ढकललं त्या माणसाचं नाव स्तूपावर सन्मानाने कोरलेलं आहे! आणि आज? जुन्नरच्या लेण्याद्रीतल्या विहाराला लोक गणपतीचं देऊळ म्हणूनच ओळखतात. नाशिकच्या बुद्धलेण्यांना पांडवलेणी म्हणतात. जिथे आपण जात नाही तिथलं आपलं नाव पुसलं जातं. जे लेकरू तिसऱ्या वर्षी लेणीची पायरी चढतं, त्याला तेराव्या वर्षी "हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं" असं सांगून फसवता येत नाही.

बाबासाहेबांच्या आठवणींतला १९३४ चा प्रसंग तरुणांनी पुन्हा वाचावा. सुमारे तीस कार्यकर्त्यांसह ते वेरूळ पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले, म्हणून वेशीजवळच्या तळ्यावर त्यांनी तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यावरून "तळं बाटवलं" असा ओरडा झाला, माणसं धावून आली, आणि शेवटी किल्ल्यात कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. बॅरिस्टर, डॉक्टरेट मिळवलेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला माणूस, आणि त्याच्या पायांवर पहारा! आपण सहज म्हणून ज्याला "सहल" म्हणतो, ती आपल्या लोकांसाठी कधीच नुसती सहल नव्हती.

आता नोकरदार मित्राकडे वळू. मित्रा, मान कमवायचा आहे हे खरं, पण तो दुकानातून विकत मिळत नाही. बाजार तुला सांगतो की लहान मुलाला डोंगरात न्यायचं तर घोटा जखडणारा, जाड सोलचा बूट लागतो. पाठीवर वजन घेऊन दिवसभर चालणाऱ्या मोठ्या माणसासाठी तसा बूट ठीक. दोन-तीन वर्षांचं मूल ओझं वाहत नाही, ते अर्धा तास चालतं आणि मग "उचल" म्हणतं. त्याच्या तळव्यावर चरबीची गादी असते, पायाची कमान अजून घडत असते. त्या पायाला वाकायला, जमीन चाचपायला मोकळीक हवी. घरात, अंगणात, स्वच्छ जागी मूल अनवाणी खेळलं तर ते त्याच्या पायासाठी चांगलंच आहे. म्हणजे आमच्या ज्येष्ठांच्या बोलण्यात तेवढं तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो.

पण लेणीची वाट म्हणजे अंगण नव्हे. तिथे बाभळीचे-बोराटीचे काटे आहेत, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा आहेत, उन्हात तापलेला कातळ आहे, शेवाळलेल्या पायऱ्या आहेत. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. जंताची गोळी सरकार अंगणवाडीत देतं, ती लेकराला द्याच. पण गोळी जंत मारते, पायात बूट घालत नाही.

मग बूट कसा असावा? आम्ही चार ठिकाणी विचारून, दुकानं फिरून जे शिकलो ते सांगतो. सोल हातात धरून वाकवून पाहा: तो चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे, मधोमध मोडता कामा नये. टाचेची मागची बाजू बोटांनी दाबून पाहा: ती घट्ट हवी. खाली खोल नक्षी हवी, गुळगुळीत सोल शेवाळावर दगा देतो. पुढे बोटांवर रबराचा जाड भाग असला तर ठेच लागत नाही. बूट हलका हवा, पंजाजवळ रुंद हवा. नाडीपेक्षा चिकटपट्टी बरी, लेकरू स्वतः लावतं आणि काढतं. मापासाठी मुलाला संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, पुठ्ठ्यावर उभं करा आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा. सर्वात लांब बोटापुढे तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. फोड तिथेच येतात, भाज्याला आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. पायमोजे मात्र जाड आणि कोरडे हवेत, एक जोड पिशवीत जास्तीचा ठेवा.

या कसोट्यांत ब्रँडचं नाव कुठेही नाही. आठवडी बाजारातला चांगला जोडसुद्धा त्यांत उतरू शकतो, आणि झगमगत्या दुकानातला महागडा जोड नापासही होऊ शकतो.

खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि तो टाळणं म्हणजे लबाडी. या वयात पाय दर तीन-चार महिन्यांनी एक माप पुढे जातो. दोन हजारांचा जोड घेतला आणि तेवढ्या काळात तीन वेळा डोंगर चढला, तर एका खेपेला जवळजवळ सातशे रुपये पडले. हमालाने हे का परवडवून घ्यावं? सरकारला याची फिकीर नाही. १ जानेवारी २०२२ पासून हजाराच्या आतल्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के केला. गरिबाची चपलाच महाग केली. तो पुन्हा ५ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. पावणेचार वर्षं गरिबाने पायाखालचा कर भरला. राज्य सरकारने २०२३ मध्ये पहिली ते आठवीच्या शाळकरी मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचं ठरवलं, आणि एका मुलामागे धरले १७० रुपये! एवढ्या पैशांत काय दर्जाचा बूट येतो ते मंत्र्यांनी स्वतःच्या नातवाला घालून दाखवावं. अंगणवाडीतलं लेकरू तर त्या निर्णयात नाहीच.

म्हणून आम्ही ठरवलं की सरकारची वाट पाहायची नाही आणि बाजारापुढे वाकायचंही नाही. आमच्या विहारात आम्ही बूटपेढी सुरू केली आहे. ज्याच्या मुलाला जोड लहान झाला त्याने तो आणून द्यायचा, ज्याला हवा त्याने माप घेऊन न्यायचा, लेणीवरून आल्यावर धुऊन वाळवून परत करायचा. कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या बुटात पाय घालू नये, बूट पहिल्या पायाच्या वळणावर जातो. रोजच्या वापराच्या बुटाबाबत हे अगदी बरोबर आहे, म्हणून रोजचे बूट आम्ही पेढीत घेत नाही. वर्षात चार वेळा घातलेला डोंगरातला बूट वळण धरत नाही. तरीही टाच एका बाजूने झिजलेली असेल तर जोड बाद. आतलं अस्तर प्रत्येक लेकरासाठी नवं. कमी पडतील ती मापं वर्गणीतून घ्यायची. जयंतीला डीजेवर जाणाऱ्या पैशांतला एक छोटा तुकडा इकडे वळवला तर वस्तीतल्या सगळ्या लेकरांची सोय होते. हे आम्ही कुणाला दुखवायला म्हणत नाही. हिशोब मांडतो आहोत.

आणि दुरुस्ती? ती आमच्या नाक्यावरच्या गटई कामगार काकांकडे. ते सांगतील तो दर, घासाघीस नाही. इथे आपल्यातल्याही काहींनी कान उघडून ऐकावं. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा आपण सगळे रस्त्यावर उतरलो. पण घरी येऊन "ते चांभार, आपण बौद्ध" असं कुजबुजणारेही आपल्यात आहेत. ज्यांच्या हातांनी या देशाच्या पायांचं रक्षण केलं, त्यांनाच देशाने विटाळ ठरवलं. तोच विटाळ आपण मनात धरला तर बावीस प्रतिज्ञा नुसत्या तोंडपाठ राहिल्या म्हणायच्या. समता आपल्या घरापासून, आपल्या नाक्यापासून सुरू होते.

ज्येष्ठांना आमचं एवढंच सांगणं आहे: शिष्यवृत्तीची लढाई आम्ही सोडलेली नाही. पण ज्या मुलाने पुढे शिष्यवृत्ती मागायची आहे, त्याला आज ताठ चालायला शिकवणं हीही लढाईच आहे. मोठ्या प्रश्नांचं नाव घेऊन लहानांचे प्रश्न बाजूला सारायची सवय चळवळीला परवडणारी नाही. आणि तरुणांनो, तुमच्या वस्तीत, तुमच्या विहारात अशी पेढी सुरू करा. एक लोखंडी कपाट, एक वही आणि मापं घ्यायला पुठ्ठा, एवढंच भांडवल लागतं.

गेल्या महिन्यात तीच मुलगी आमच्यासोबत कार्ल्याला आली. पायात पेढीतला निळा जोड. निम्म्या पायऱ्या स्वतः चढली, निम्म्या बापाच्या खांद्यावर. चैत्यगृहाच्या दारात तिने खाली बसून चिकटपट्टी उघडली, बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले आणि आत पळाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, मोठ्यांचं पाहून केलं. तिची पणजी वाड्यासमोर भीतीने चपला हातात घ्यायची. पणतीने बूट काढले ते तथागताच्या स्तूपासमोर, आपल्या मनाने, आणि बाहेर आल्यावर ते पुन्हा पायात घालून ताठ उतरली.

आम्हाला लेकरांच्या पायात जे घालायचं आहे, ते हे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!