रोजची पूजा की मनापासूनची?



परवा संध्याकाळी शेजारची नवी सून विरजण मागायला आली आणि ओट्याशीच घुटमळली. म्हणाली, "वहिनी, एक विचारू? रोज तीच पूजा, तीच आरती. हात चालतात, मन मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजत असतं. त्यापेक्षा मनात येईल तेव्हाच देवापुढं बसलं तर?"

मला हसू आलं. कारण तीन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच ठरवलं होतं. सासूबाईंचे गुडघे धरले, त्यांना खाली बसवेना, म्हणून पूजा माझ्याकडं आली. सकाळची शाळा, मुलांचे डबे आणि त्यात ही घाई! असल्या उरकण्याला काय अर्थ, असं म्हणून मी रोजचा नेम सोडला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कर बाई तुझ्या मनासारखं."

सुरुवात छान झाली. एका गुरुवारी मनात आलं, तेव्हा अंगणातली सगळी जास्वंद काढून आणली आणि तासभर भजनं म्हणत बसले. डोळे भरून आले. मग पेपर तपासायला आले, पाहुणे आले. मनात येण्याची वाट पाहता पाहता दोन महिने गेले. निरंजनावर काजळी धरली, वातींचा डबा रिकामा झाला.

श्रावणात एका रात्री सासूबाईंना एकाएकी नांदेडला दवाखान्यात हलवावं लागलं. हे तिकडं गेले, मी मुलांजवळ राहिले. रात्री दोन वाजता देवापुढं बसले. त्या दिवशी मन अगदी भरून आलं होतं. पण वात नव्हती, काडेपेटी सापडेना, आणि लहानपणापासून पाठ असलेली रामरक्षा चार श्लोकांपुढं काही केल्या आठवेना. तशीच अंधारात रडत बसले.

बारा दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या. पडल्या पडल्याच कापूस मागून वाती वळायला लागल्या. मी सगळं सांगून टाकलं. तर म्हणाल्या, "अगं, देवाला रोज काय सांगायचं असतं? रोज नुसतं जाऊन बसायचं. सांगायची वेळ येते, तेव्हा वाट पायाखालची असावी."

म्हणजे नेमच खरा, असंही नाही हं! महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्यांतली एक मिळाली नाही म्हणून सगळ्या घराला धारेवर धरणारीही मीच. नैवेद्याआधी लाडवाला हात लावला म्हणून लेकराच्या पाठीत धपाटा घातला होता. तो नेम कुणासाठी होता, देवासाठी की माझ्या हट्टासाठी?

दोन्हींचा मेळ पाहायचा तर आमच्या येळवशीला पाहावा. मार्गशीर्षातली ही वेळा अमावस्या लातूर-धाराशिवकडं आणि आमच्या भागात शेतात साजरी होते. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते ती तिच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला. येळवशीचं सगळं ठरलेलं असतं. कडब्याची खोप, चुना लावलेले पाच पांडव, आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. पण भज्जीत काय घालायचं? हरभरा, तूर, वाटाणा, वाल, बोरं, रानात आणि बाजारात त्या वर्षी जे मिळेल ते! दोन घरची भज्जी कधी एकसारखी लागत नाही. बांधावरून अनोळखी माणूस चालला असला, तरी त्याला हाक मारून जेवायला बसवतात. दिवस पंचांगातला, पण तो आग्रह काही पंचांगात लिहिलेला नसतो.

आणि आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई आठवा. नामदेवांच्या घरी दळण-कांडण रोजचंच. अभंग सुचेल तेव्हा बघू, म्हणून तिनं जातं सोडलं नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, हे आपल्या आया-आज्या उगीच म्हणत नसत.

तेव्हा मला जमलं ते सांगते. नेम लहान ठेवा, पाच मिनिटांचा. दिवा, नमस्कार आणि एखादं छोटं स्तोत्र. सणावारी वाढवता येतं, रोजचं मात्र झेपेल एवढंच घ्यावं. आठवड्याच्या वाती रविवारी दुपारी वळून ठेवा. काडेपेटी देवघरातली, ती गॅसपाशी न्यायची नाही! स्तोत्र झालं की दोन मिनिटं मोकळी ठेवा. गावंसं वाटलं तर गा, बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर नुसतं बसा. आणि एखाद्या दिवशी राहिलंच, तर जिवाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

हे सगळं त्या पोरीला सांगितलं आणि वाटीत विरजण घालून दिलं. म्हटलं, "हे बघ, यातलं चमचाभर रोज राखायचं. सगळं संपवलं, की ज्या दिवशी कढी खावीशी वाटेल, नेमकं त्याच दिवशी शेजारी यावं लागतं!"

तीही हसली. कळलं असावं.