वारसा आणि कामगाराचे घर

मृत्युपत्र ही बंगलेवाल्यांची बाब, हा कामगार वस्त्यांतील समज टाकून दिला पाहिजे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेव्हापासून या पट्ट्यात राबलेल्यांच्या श्रमाची शिल्लक फंडात, ठेवींत आणि दोन खोल्यांच्या घरात साठली आहे. कर्त्या माणसामागे तिचे काय होणार, हा कुटुंबाच्या भाकरीचा प्रश्न आहे.

नॉमिनीचे नाव लिहिले की काम संपले, हा भ्रम होय. बँकठेवीचा नॉमिनी रक्कम केवळ स्वीकारतो. तेवढ्याने तो मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. मृत्युपत्र मात्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमक्ष करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही.

परंतु खरी कसोटी कागदाची नाही, न्यायबुद्धीची आहे. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलींना समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राने २००५ साली दिला. तरीही चाकणसारख्या भागात जमिनीला भाव आला की बहिणीपुढे प्रथम हक्कसोडपत्र येते. याच चाकणजवळच्या आंबेठाणहून शेतकरी संघटना चालवणाऱ्या शरद जोशींनी शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे, 'लक्ष्मीमुक्ती'चे, आवाहन केले होते. त्यांच्या अर्थनीतीशी समाजवाद्यांचे मतभेद असतील. या आवाहनाशी असू नयेत.

कामगार संघटनांनी वेतनकराराइतक्याच आस्थेने हे काम हाती घ्यावे. बहिणीची सही घेऊन भाऊबीज साजरी करणाऱ्याने कारखान्याच्या दारात समतेची घोषणा कोणत्या तोंडाने द्यावी?