रस्सा तिखट असू द्या, उकळता नको

आपल्या कोल्हापुरात खाल्ल्यावर छातीत जळजळ झाली की पहिला ठपका तिखटावर येतो. पण अनेकदा दोष तिखटाचा नसून उष्णतेचा असतो. मिसळीचा कट उकळता हवा, चहा कपात ओतल्याबरोबर प्यायचा, या आग्रहाबद्दल मला बोलायचे आहे.

कटावरची तेलाची तर्री झाकणासारखे काम करते. वाफ दिसत नाही, पण खालचा रस्सा बराच वेळ गरम राहतो. शिवाय मिरचीतले कॅप्सेसिन आणि उष्णता यांची जाणीव नसांना एकाच ग्राहकामार्फत होते. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणूनच तोंड तिखटाने भाजतेय की उष्णतेने, हे चटकन उमगत नाही.

मग आपण काय करतो? चारचौघांत घास बाहेर काढायला लाजतो आणि गिळून टाकतो. जीभ वाचते, अन्ननलिका पोळते. त्यानंतर गिळताना दुखते, घास अडकल्यासारखा वाटतो, छातीच्या मध्यभागी कळ येते. बहुतेकांना काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत आराम पडतो. तोवर मऊ, कोमट खावे. दारू आणि तंबाखू टाळावी. मात्र थुंकीही गिळता येत नसेल, रक्ताची उलटी, काळी शौच, ताप किंवा धाप असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. छातीत दुखणे, घाम येणे हे हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. अशा वेळी आधी ईसीजी काढा.

रोजची सवय अधिक काळजीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली. इराणच्या गोलेस्तान प्रांतातील सुमारे ५० हजार लोकांच्या अभ्यासात, रोज ७०० मिलिलिटरहून जास्त आणि ६० अंश किंवा त्याहून गरम चहा पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कमी व कोमट चहा पिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९० टक्के जास्त आढळला. दोष चहाचा नव्हे, तापमानाचा. तंबाखू आणि दारू हे धोके आहेतच. त्यात ही भर कशाला?

म्हणून सांगतो, चहा चार-पाच मिनिटे थांबून प्या. रस्सा ढवळा, चमचाभर चाखा, मगच भुरका मारा. घास फारच पोळला तर बिनदिक्कत बाहेर काढा. आणि पाहुण्यांना 'गरम आहे तोवर खा' म्हणण्याऐवजी 'सावकाश होऊ द्या' म्हणा. पाहुणचार त्याने उणा होत नाही.