हट्टी नाही, दमली असेल

दर रविवारी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल. "अगं सोनू, इकडे बघ की! आजीशी कट्टी आहे का?" आणि आमची अडीच वर्षांची लेक मात्र खिडकीतल्या उजेडाकडे टक लावून. "हट्टी आहे पोरगी," असा निकाल घरात केव्हाच लागला होता. डोळे तपासले, ते ठणठणीत निघाले. मग आम्हालाही तेच पटलं.

पुढे बऱ्याच तपासण्यांनंतर नाव कळलं : कॉर्टिकल व्हिज्युअल इम्पेअरमेंट, म्हणजे सीव्हीआय. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मला ते असं समजलं : कॅमेरा ठीक आहे, पण चित्राचा अर्थ लावणारा मेंदू अडखळतोय. अकाली जन्म, जन्मावेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, ही त्याची नेहमीची कारणं. प्रगत देशांत मुलांच्या दृष्टिदोषाचं हे एक प्रमुख कारण आहे. चष्म्याने ते जात नाही. पण लहान वयात योग्य मदत मिळाली, तर बघणं सुधारू शकतं.

पिट्सबर्गच्या ख्रिस्टीन रोमन-लँट्झी यांनी २००७ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यातली लक्षणं आमच्या घरातलीच वाटली. एखाद्या ठळक रंगाची ओढ, हलणारी वस्तू लवकर दिसणं, पसाऱ्यात काहीच न सापडणं, प्रतिसादाला वेळ लागणं. आज दिसलेलं उद्या थकव्यामुळे दिसत नाही. त्यालाच आपण 'नाटक' म्हणतो!

इथे अमेरिकेत तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन आणि पुढे शाळेत वैयक्तिक शिक्षण आराखडा, ही सोय कायद्यानेच आहे. भारतातही २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी केंद्रं उभी राहिली. शंका आली, तर तिथे जरूर विचारा.

पण कुठलाही कायदा आपल्या बैठकीच्या खोलीत येत नाही. तिथे बदलायचं आपणच. खेळणं एकच द्या, मागे साधं गडद कापड धरा, टीव्ही बंद करा. चौघांनी एकदम हाका मारू नका. "बघ, बघ" म्हणू नका. गप्प राहून थांबा.

आई आता मागे काळी चादर टांगते, हातात लाल वाटी धरून हळू हलवते आणि चक्क गप्प बसते. मी मनात आकडे मोजतो. परवा बाविसाव्या आकड्याला लेकीची मान वळली. कधी वळतही नाही. तेव्हा आई एवढंच म्हणते, "दमली असेल पोर. उद्या बघू."